तुम्ही विचारलंत म्हणून: तो अल्बम परत का टाकत नाही

अकरा गाण्यांचा अल्बम स्वतःच्या पैशाने काढलास आणि दीड महिन्यात स्वतःच उतरवलास, मग आता परत का टाकत नाहीस, हा प्रश्न मला चार वर्षे विचारला जातो आहे. विचारणारे बहुतेक वेळा उत्तरही सोबत आणतात: कॉपीराइटची भानगड झाली असणार, किंवा चोरी अंगाशी आली असणार.

चोरी हा शब्द मला लागतो. जुन्या बाजारातून तबकड्यांचे गठ्ठे उपसायचे, घरी आणून पुसायचे, अख्खी बाजू कान देऊन ऐकायची, त्यातून ढोलकीची एखादी थाप, पेटीचा सुटा सूर किंवा गाणारीने ओळ उचलण्याआधी घेतलेला श्वास वेगळा काढायचा आणि त्या तुकड्यांचा, म्हणजे सॅम्पलांचा, वेग व पट्टी बदलून नवा ठेका उभा करायचा, यात माझे एका गाण्याला तीन-तीन आठवडे गेले आहेत. असे तुकडे साठवून वाजवणाऱ्या, 1987 साली आलेल्या एसपी-1200 या यंत्रात जेमतेम दहा सेकंदांचा आवाज मावत असे. म्हणून हिप हॉपवाले मिनिटाला 33 फेऱ्यांची तबकडी 45 च्या वेगाने फिरवून आवाज भरत आणि मग यंत्रात तो पुन्हा खाली ओढत. त्या काटकसरीतून आलेली खरखर आजही आम्ही मुद्दाम जपतो. आणि प्रचलित चालीवर नवे शब्द बसवणे आपल्या शाहिरांनी आणि जलशांनी कधी वर्ज्य मानले होते?

कायदा मात्र मी अल्बम काढल्यावर वाचला, ही माझी चूक. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षे चालतो, म्हणजे 1960 ची तबकडी 2021 मध्ये मोकळी झाली. पण शब्द आणि चाल यांवरचा हक्क कवी आणि संगीतकार गेल्यानंतरही साठ वर्षे राहतो. माझ्या सातव्या गाण्यातली तबकडी 1972 ची होती, तेव्हा तिच्यातले काहीच मोकळे नव्हते. फुकट ऐकवतो आहे, मग कोणाचे काय जाते, असे मी तेव्हा ठणकावून सांगत असे. ती पळवाट होती. शंभर कॅसेटी मी विकल्याही होत्या. कंपनीला उशिरा लिहिलेल्या दोन पत्रांना उत्तर आले नाही. डे ला सोल या अमेरिकन हिप हॉप गटाचा 1989 चा पहिला अल्बमसुद्धा सॅम्पलच्या परवानग्यांच्या गुंत्यामुळे 2023 पर्यंत स्ट्रीमिंगवर आला नव्हता, हे मी स्वतःच्या समाधानासाठी अनेकदा आठवले आहे.

पण अल्बम उतरवला तो कायद्याच्या भीतीने नाही. त्या तबकडीवर गाणारी बाई तमाशाच्या फडातली होती. ती हयात नाही, मात्र तिची मुलगी सांगली जिल्ह्यात राहते, असे एका ढोलकीवाल्याकडून कळले, आणि मी मोठ्या उत्साहाने तबकडी भेट द्यायला गेलो. घरात ती वाजवायला यंत्र नव्हते. मी फोन काढला, इयरफोनचे एक टोक मावशींच्या कानात दिले, दुसरे माझ्या. त्यांनी डोळे मिटून सातवे गाणे दोनदा ऐकले आणि विचारले, “कोण पोरगी गाती ही?”

“मावशी, आईच आहे तुमची.”

“न्हाई रं. आईचा आवाज ढाला. काळी एकच्या वर गेली न्हाई कधी. फडातली समदी म्हणायची, जरा वर चढ, पब्लिकला उंच लागतं. न्हाई चढली ती.”

माझ्या ठेक्याशी जुळावा म्हणून मी तो आवाज पाच अर्धस्वर वर नेला होता. पेटीवरच्या काळी एक पट्टीची काळी तीन झाली होती, आणि त्याला मला एक कळ दाबण्यापलीकडे काही करावे लागले नव्हते. मावशी रागावल्या नाहीत. चहा ठेवला. “आईचं खरं गाणं लाव की,” म्हणाल्या. ते माझ्या फोनमध्ये नव्हते. माझ्याकडे फक्त माझा तुकडा होता. पूर्ण गाणे मी परत आल्यावर त्यांच्या नातवाला पाठवले, आणि त्याच रात्री अल्बम उतरवला.

त्यानंतर आवाज मूळ पट्टीत आणून पाहिला. ठेका बसतो, पण माझे शब्द कोलमडतात. तेव्हाचा मी अजूनही वाद घालतो की सूर बदलल्याशिवाय सॅम्पल होतच नाही, आणि त्याचे हे म्हणणे मला खोडता येत नाही. चाल उचलणे मला आजही गैर वाटत नाही. गळ्याबद्दल तसे छातीठोकपणे म्हणता येत नाही, आणि का येत नाही हे मलाही नीट मांडता येत नाही.

सातवे वगळून बाकीची दहा टाक, असा सल्ला मित्र देतात. त्या दहांत आणखी सहा बायकांचे गळे आहेत. त्यांपैकी दोघींच्या घरांचा पत्ता मला लागला आहे. मी अजून गेलेलो नाही.