मोटर जळली नव्हती! छोट्या शंटिंग इंजिनाचा माझा अनुभव

माझं यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडच्या एका गावात मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. सबमर्सिबल, मोनोब्लॉक, चक्कीची मोटर, कूलरचा पंप, जे येईल ते. 23 वर्षं झाली. हे आधी काहून सांगून रायलो तर याच 23 वर्षांच्या अनुभवानं माझे या प्रकरणात दोन महिने खाल्ले.

झालं असं की भाचा अमेरिकेतून दिवाळीले आला आणि एक खोकं घेऊन आला, "मामा, तुम्ही जवा पाहा तवा शकुंतला शकुंतला करत रायता, घ्या आता खेळा." (शकुंतला म्हणजे आमच्या दारव्ह्यावरून धावायची ती जुनी, अरुंद रुळांची रेल्वेगाडी.) आत दोन छोटी शंटिंगची (म्हणजे यार्डात डबे मागंपुढं करून लावायची) डिझेल इंजिनं, 8 वाघिणी म्हणजे मालडबे, थोडे रूळ आणि दोन सांधे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायचे तुकडे. सगळं एचओ साईझचं, म्हणजे खऱ्याच्या 87 वा हिस्सा, दोन रुळातलं अंतर 16.5 मिलिमीटर. आता खरं सांगायचं तर यात शकुंतला नाही बसत, ती अडीच फुटी, 762 मिलिमीटरची, 87 नं भागलं तर पावणेनऊ मिलिमीटर येते, तिच्यासाठी 9 मिलिमीटरचा वेगळा रूळ लागते. पण पोराले कशाले बोलायचं, एवढ्या दुरून प्रेमानं आणलं त्यानं. आणि लहानपणी दारव्हा स्टेशनावर मी पाहायचो ते इंजिन 1921 चं मँचेस्टरचं होतं, 1923 पासून 15 एप्रिल 1994 पर्यंत तेच एक गाडी ओढत होतं, मग डिझेल आलं. त्याची सर कोणत्याच खेळण्याले नाही यायची.

जुनं घर पाडलं तवाचा साडेसहा फुटी सागवानी दरवाजा गोठ्यात पडून होता, तो दोन घोड्यांवर टाकला आणि त्यावरच रूळ बसवले. भाच्यानंच नकाशा काढून दिला, त्याले इंगलनूक म्हणतात, इंग्लंडच्या ॲलन राईट नावाच्या माणसाचं डोकं. दोन सांधे, तीन सायडिंग म्हणजे डबे उभे करायचे बाजूचे रूळ, एकीत 5 वाघिणी मावतात, बाकी दोघींत 3-3, आणि पुढच्या तुकड्यावर इंजिन अधिक 3. आठ चिठ्ठ्या टाकायच्या, पाच उचलायच्या, आणि त्याच नंबरानं पाच वाघिणी मागंपुढं करून लावायच्या. पाचाची रांग 6720 प्रकारे लागू शकते, म्हणजे रोज एक लावली तरी 18 वर्षं पुरते. गोल गोल फिरणारी गाडी पाहून पाच मिनिटांत कंटाळा येते, हे शंटिंगचं काम मात्र डोकं खाते, मले तर हेच आवडलं.

पण शंटिंग म्हटलं की गाडी हळू पाहिजे. खरं इंजिन यार्डात ताशी 8 किलोमीटरनं चालते असं धरलं तर आपल्या दरवाज्यावर ते सेकंदाला अडीच सेंटीमीटर होते, म्हणजे मुंगीपेक्षा जरासं जोरात. इथंच सगळा घोळ झाला. मोठं इंजिन आहे आठ चाकांचं, 44 टनी म्हणतात त्याले. (हे 44 टनाचं गणितही मजेशीर आहे. तिकडं 1937 मध्ये करार झाला की 90,000 पौंडाच्या वरच्या इंजिनात ड्रायव्हरसोबत फायरमन पाहिजेच, मग कंपनीनं 88,000 पौंडाचंच बनवलं, एक पगार वाचला. मालक इथला काय अन् तिकडचा काय.) तर ते आठचाकी सांध्यावरून मस्त सरकत जाये. आणि दुसरं चारचाकी, काडीपेटीपेक्षा थोडं मोठं, दिसायले लय गोड, ते सांध्यावर आलं की ठप्प. बोटानं टोचलं की चालू. पुन्हा आलं की ठप्प.

आता मोटरवाल्याच्या डोक्यात काय येणार? मोटर खराब. दुसरं काही सुचलंच नाही. रात्री दुकानात टेबल लॅम्पखाली खोललं, मोटर बोटाच्या पेराएवढी, कार्बन ब्रश म्हणजे मुगाच्या डाळीएवढे, त्यातल्या एकाची स्प्रिंग टुणकन उडून गेली ती लोहचुंबक फिरवूनही नाही सापडली, तीन दिवसांनी बायकोले झाडताना सापडली. कम्युटेटर, म्हणजे ब्रश ज्यावर घासतात तो मोटरचा फिरता भाग, पुसला, गिअरमधलं जुनं ग्रीस काढलं. चाकाच्या धुऱ्यावर (एक्सलवर) कापसाचा धागा गुंडाळलेला निघाला बरं का, आमच्याकडं दिवाळीपासून घरात कापूस भरलेला असते आणि त्याचा बारीक रुवा हवेत उडतच रायते, तो तेल लागलेल्या धुऱ्याले बरोबर जाऊन चिकटते. मले वाटलं हेच कारण, जिंकलो. सगळं बसवलं, सांध्यावर नेलं, ठप्प.

मग रूळ घासले. इथं मी गाढवपणा केला, पॉलिश पेपर मारला. रूळ चकचकीत झाले पण बारीक ओरखडे पडले आणि आठ दिवसांत पहिल्यापेक्षा जास्त काळे, कारण मळ त्या ओरखड्यांतच बसते. भाचा फोनवर ओरडला, "मामा, पेपर नका मारू जी, स्पिरिटनं पुसा." मेडिकलमधून आयसोप्रोपिल आणलं, जुन्या बनियनच्या फडक्यानं पुसलं, चाकंही पुसली. बाकी ठिकाणचं अडखळणं थांबलं. सांध्यावर मात्र तेच.

दोन महिने असंच. शेवटी पोरीनं पकडलं, आठवीत आहे. ती म्हणे, "बाबा, हे सरळ गेलं की अटकते, वळणावर गेलं की नाई अटकत." मी म्हटलं काहीतरीच. पाहिलं तर खरंच. मग तिनंच इंजिन उचलून उलट्या तोंडानं ठेवलं, आणि आता वळणावर अटके आणि सरळ जाये! मोटर बिघडलेली असती तर तिले काय कळते सरळ कोणतं अन् वळण कोणतं. मी मल्टीमीटर घेतला, एक टोक चाकावर, एक मोटरच्या तारेवर. तीन चाकांवर बीप, चौथ्यावर काहीच नाही. नखानं खरवडलं तर त्या चाकावर काळी रबराची रिंग! ओढायची ताकद यावी म्हणून कंपनी घालते, पण रबरातून करंट कसा जाणार.

सांध्यात जिथं दोन रूळ एकमेकाले कापतात त्या तुकड्याले फ्रॉग म्हणतात, माझ्या सांध्यांत तो धातूचा होता पण सगळ्यांपासून तोडलेला, त्यात करंटच नाही. म्हणजे डाव्या बाजूचं एक चाक रबराचं, दुसरं गेलं मेलेल्या फ्रॉगवर, डावीकडून फेजच गायब. सरळ जाताना फ्रॉग एका बाजूले येते, वळताना दुसऱ्या, म्हणून तो सरळ-वळणाचा खेळ. मोठ्या इंजिनाची बाकी चाकं मागंपुढं रुळाले धरून असतात म्हणून त्याले फरक पडत नव्हता. शेतकरी मोटर घेऊन येते तवा मीच आधी विचारतो, स्टार्टर पाहिला का, केबल पाहिली का. आणि घरी सरळ मोटर खोलून बसलो होतो.

इलाज मग सोपा होता. फ्रॉगले करंट द्यायचा, पण सांधा जिकडं फिरला त्या बाजूचा द्यायचा. जिन्यातल्या लाईटचा टू-वे स्विच असते ना, तेच. जुन्या रेडिओतले स्लाईड स्विच काढले, सायकलच्या स्पोकनं सांध्याच्या पट्टीले जोडले, मधली तार फ्रॉगले, दोन टोकं दोन रुळांले, स्विच सरकवला की सांधाही फिरते अन् करंटही बदलते. पहिल्या सांध्याच्या तारा मी उलट्या जोडल्या. इंजिनाचं चाक फ्रॉगवर आलं आणि फ्यूज उडाला. 23 वर्षं, हो.

लाईन आमच्याकडं कधी जाईल भरवसा नाही म्हणून सप्लाय फवारणी पंपाच्या 12 व्होल्ट बॅटरीचा आहे, रेग्युलेटरही पंपाचाच, मोटर थोडी गुरगुरते पण हळू सुटते मस्त. टायरवाल्याकडून व्हील बॅलन्सिंगचे चिकटणारे वजनाचे तुकडे आणून 20 ग्रॅम इंजिनाच्या छपराखाली लावले, चाकं रुळाले दाबून बसली. आणखी एक केलं, चारचाकी म्हणजे चार पायांचं स्टूल, एखादा पाय अधांतरी रायतेच, म्हणून एक वाघीण कायमची मागं जोडली, तिच्या लोखंडी चाकांले जुन्या रिलेच्या पत्त्या टेकवल्या आणि दोन बारीक तारा इंजिनात नेल्या. ती वाघीण इंजिनाचाच भाग झाली म्हणून चिठ्ठीत सातच नंबर उरले आणि पुढच्या तुकड्यात एक जागा कमी झाली. पोरगी म्हणे ही चीटिंग आहे. आहे थोडी.

उन्हाळ्यात एक नवीनच. आमच्याकडं हिवाळ्यातल्या सकाळी 12 अन् मे मध्ये 45, दोन मीटरचा रूळ एवढ्यात एक मिलिमीटर वाढते, मी जोड घट्ट भिडवून ठेवले होते, मधला रूळ उचलला. आता व्हिजिटिंग कार्ड जाईल एवढी फट सोडली आहे.

परवा रात्री लाईन गेली होती, मोबाईलच्या उजेडात पोरीनं चिठ्ठ्या काढल्या, 5-2-7-1-4. अगरबत्तीच्या काडीनं कपलिंग, म्हणजे वाघिणी जोडणारे आकडे, सोडत सोडत 31 चालीत लावलं, इंजिन एकदाही अटकलं नाही. 2 नंबरची वाघीण दुसऱ्या सांध्यावर दोनदा रुळावरून उतरली मात्र. तिच्या चाकांतलं अंतर कमी आहे का सांध्यात काही गडबड आहे ते रविवारी पाहतो, कॅलिपर दुकानातच आहे.