मोंबासाचा माल आणि कोलाडची रोरो

रत्नागिरीत मी अर्थशास्त्र शिकवते. एमएच्या प्रकल्प सादरीकरणाला आम्ही पालकांनाही बोलावतो. त्या दिवशी एका मुलीचा विषय होता, चीनची आफ्रिकेतली गुंतवणूक. तयारी कसून केली होती तिने. १९७० ते १९७५ या काळात चीनने बिनव्याजी कर्ज देऊन टांझानिया-झांबियाची १,८६० किलोमीटरची रेल्वे बांधली. पुढे चीनच्या सरकारी एक्झिम (निर्यात-आयात) बँकेचं कर्ज आणि चिनीच ठेकेदार अशी घडी बसली. २०१७ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या जिबुती देशात चिनी नौदलाचा तळ झाला. निष्कर्ष ठरलेला होता: कर्जात अडकवायचं आणि मोक्याच्या जागा बळकावायच्या.

केनियाची मोंबासा बंदर ते राजधानी नैरोबी ही रेल्वे तिने एका परिच्छेदात उरकली. सुमारे ९० टक्के पैसा एक्झिम बँकेचा, ३१ मे २०१७ ला उद्घाटन, आणि २०१९ मध्ये बंदरात उतरणारा माल रेल्वेनेच न्यावा असा सरकारी हुकूम.

मागच्या बाकावरून तिचे वडील उठले. जयगडच्या बाजूला त्यांचे ट्रक चालतात.

"म्याडम, एक विचारू काय? कोलाडला आमी आपणहून ट्रक रोरोवर चढवतो. डिझेल वाचतं, टायर वाचतात. तिकडं सरकारला हुकूम कशाला काढायला लागला?"

रोरो म्हणजे भरलेले ट्रकच वाहून नेणारी कोकण रेल्वेची गाडी. इतक्या वर्षांत प्रकल्पावर इतका नेमका प्रश्न मी ऐकलेला नाही. उरलेली सादरीकरणं दुपारवर ढकलली आणि आम्ही सगळे त्याच्याच मागे लागलो.

उत्तर कर्जाच्या रचनेतच होतं. मोंबासाच्या बंदर प्राधिकरणाने रेल्वेला ठरावीक माल देण्याची हमी दिली होती. हप्ते त्या उत्पन्नातून फिटायचे होते. पण कंटेनर नैरोबीच्या डेपोत उतरवून तिथून गोदामापर्यंत पुन्हा ट्रक करावा लागे, त्यामुळे व्यापाऱ्याला रेल्वे परवडेना. माल आपणहून येईना म्हणून सक्ती आली. मोंबासाचे ट्रकवाले, गोदामवाले, हमाल रस्त्यावर उतरले. २०२२ मध्ये नवे अध्यक्ष विल्यम रुटो यांनी सक्ती मागे घेतली. त्याच वर्षी कर्जकरारांचे काही कागद उघड झाले: अटी गुप्त ठेवायच्या आणि तंटा झाला तर लवाद बीजिंगमध्ये.

कोकण रेल्वेही कर्जरोख्यांवरच उभी राहिली आणि तो बोजा तिने वर्षानुवर्षं ओढला. पण भागभांडवल केंद्राचं आणि चार राज्यांचं, हिशेब संसदेपुढे. कोणाला किती द्यायचं हे झाकलेलं नव्हतं. हा फरक मला फार मोठा वाटतो. मोंबासा बंदर चीनने घेतलेलं नाही. चिनी कंपन्यांना काम मिळालं, केनियाच्या सत्ताधाऱ्यांना ऑगस्ट २०१७ च्या निवडणुकीआधी फीत कापायला मिळाली. दोघांचंही साधलं, झळ बसली ती ज्यांना कोणी विचारलंच नव्हतं त्या ट्रकवाल्यांना. सगळं पाप बीजिंगच्या माथी मारलं की नैरोबीचे सह्या करणारे अलगद सुटतात, आणि ते मला मान्य नाही.

मुलीला मुदत वाढवून दिली. तिच्या तक्त्यात आता इथिओपियाच्या अदिस अबाबा-जिबुती या चिनी कर्जावरच्याच रेल्वेमार्गापुढेही नवा रकाना आहे: माल कोणाचा, किती, आणि तो रुळावर का येईल.