बोअरवेलचे पाणी आणि कडक टॉवेल

नाशिकमध्ये नळाला गंगापूर धरणाचे पाणी येते तोवर कपड्यांची तक्रार नसते. उन्हाळ्यात मात्र आमच्या सोसायटीत बोअरवेलचे पाणी मिसळू लागले की टॉवेल वाळून पापडासारखे कडक होतात. या जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचा साबणाशी संयोग होऊन न विरघळणारा चिकट साका तयार होतो व धाग्यांत अडकून बसतो. बाजारातील सॉफ्टनर त्यावर आणखी एक मेणचट लेप चढवतो. त्यामुळे टॉवेल हाताला मऊ लागला तरी पाणी नीट टिपत नाही, आणि हेच मला पटत नाही.

त्याऐवजी शेवटच्या विसळण्याच्या बादलीभर पाण्यात पाव वाटी साधे पांढरे व्हिनेगर घालावे. त्यातील आम्लाने साका सुटतो आणि त्याचा आंबूस वास कपडे वाळताना उडून जातो. ब्लीचमध्ये मात्र ते कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

रेशमी साड्यांसाठी मी रिठेच वापरते. त्यांच्या साली रात्री कोमट पाण्यात भिजवून सकाळी कुस्करल्या की भरपूर फेस येतो. टॉवेल दोरीवर टाकण्यापूर्वी जोरात झटकावेत आणि वाळताच उन्हातून काढावेत.