एका बाजूची शिट्टी

कोरडा खोकला आणि जिना चढताना धाप, याचं कारण पुण्यात कुणालाही तोंडपाठ असतं: सिंहगड रस्त्याची धूळ. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनीही दमा ठरवून पंप दिला. एक्स-रे स्वच्छ, म्हणून पुढचा प्रश्नच कुणी विचारला नाही. पंपाने कणभर फरक पडेना, खोकला मात्र भुंकल्यासारखा येऊ लागला.

छातीच्या डॉक्टरबाईंनी स्टेथोस्कोप डावीकडे बराच वेळ धरून ठेवला. ‘‘शिट्टी इथेच वाजतेय. दम्यात सहसा दोन्हीकडे वाजते,’’ त्या म्हणाल्या. माझ्या मते निम्मं निदान तिथेच झालं. यंत्रांनी नंतर शिक्के मारले. नळीत फुंकायची तपासणी झाली, औषध ओढून पुन्हा फुंकलं, आकडे हलले नाहीत. थुंकीत टीबीचे जंतू सापडले नाहीत तेव्हा आईने देवापुढे साखर ठेवली. बाईंचं समाधान झालं नव्हतं. श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराला टीबी झाला, तर एक्स-रे आणि थुंकी दोन्ही निर्दोष येऊ शकतात, असं त्यांनी समजावलं. तरुण बायकांत हा प्रकार जास्त दिसतो म्हणे.

सीटी स्कॅनमध्ये डाव्या फुप्फुसाकडे जाणारी मुख्य नळी एके ठिकाणी आवळलेली दिसली. पण आवळली कशाने? गाठही असू शकते. म्हणून दुर्बीण.

या दुर्बिणीच्या तपासणीचीच, म्हणजे ब्रॉन्कोस्कोपीचीच मला धास्ती होती. उपाशीपोटी जायचं. आधी घसा बधिर करणारी वाफ, मग कडूजहर फवारा. गिळायला गेलं तर घसा आपला वाटत नाही. गुंगीचं इंजेक्शन दिलं आणि नाकातून बारीक नळी आत गेली. ठसका लागतो, पण नळीच्या बाजूने हवा जात राहते. जीव गुदमरत नाही. अस्तराचे तुकडे आणि आत सोडलेलं पाणी तपासायला घेतलं. नंतर बाईंनी चित्र दाखवलं: लालबुंद अस्तर आणि त्यावर कुस्करलेल्या पनीरसारखा पांढरा थर. त्या दिवशी थुंकीतून थोडं रक्त आलं. ते येतं, हे आधीच सांगितलं होतं म्हणून बरं.

त्या नमुन्यात टीबीचे जंतू शोधणाऱ्या सीबीनॅट यंत्राला दोनेक तास लागतात. रिपोर्ट हातात यायला दुसरा दिवस उजाडला. टीबी होता, पण रिफॅम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद देणारा. कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायला, ६ आठवडेही लागू शकतात, त्यामुळे न थांबता गोळ्या सुरू झाल्या: ६ महिन्यांच्या, पहिले २ महिने चार औषधं. निक्षय या टीबी रुग्णांच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी झाली तेव्हा आत्या म्हणाली, ‘‘अगं, साऱ्या पेठेला कळेल!’’ पेठेला काही कळलं नाही. पोषणाचे महिना १००० रुपये मात्र खात्यात येतात.

जंतू मेले तरी व्रण भरताना नळी आणखी आकसू शकते. म्हणून पुढच्या महिन्यात पुन्हा दुर्बीण आहे. आकसली असेल तर तिथेच फुगा घालून रुंद करायची. त्या फॉर्मवर मी सही करून आलेय.