पार्क लॅपटॉपमध्ये, किनारा चांगदेवला

मे महिन्यात भुसावळला जाऊ नये, हे मला कळतं. पण ताई तिथं राहते आणि भाच्याला सुट्टी मे महिन्यातच असते, त्यामुळे दरवर्षी जातो. सकाळी दहानंतर रस्त्यावर चिटपाखरू नसतं. कूलरसमोर पडून करायचं काय, म्हणून यंदा लॅपटॉपवर 'रोलरकोस्टर टायकून' घालून नेला होता. १९९९ सालचा, करमणुकीचा पार्क बांधून चालवायचा कॉम्प्युटरवरचा खेळ. ख्रिस सॉयर या माणसाने तो जवळजवळ सगळा एकट्याने असेंब्ली या मशीनच्या अगदी जवळच्या, किचकट भाषेत लिहिला. आता चाहत्यांनी लिहिलेला 'ओपनआरसीटी२' हा प्रोग्राम वापरला की तो नव्या मशीनवरही चालतो, फक्त मूळ खेळाच्या आणि त्याच्या दुसऱ्या भागाच्या फाइली जवळ लागतात. तेरा वर्षांच्या भाच्याने पडद्यावरची इवली इवली माणसं बघितली. "मामा, हे काय मुंग्यांचं वारूळ आहे का भो?" म्हणाला आणि अर्ध्या तासात माउस माझ्या हातातून गेला.

आम्ही खेळातलं 'लीफी लेक' हे पार्क घेतलं. मधोमध भलंमोठं तळं, भोवती मोकळी जमीन, एकही पाळणा नाही. तिसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबरअखेर पार्कात किमान ५०० पाहुणे हवेत आणि पार्कचं रेटिंग ६०० च्या खाली जाता कामा नये. या खेळात वर्ष मार्चला सुरू होतं आणि ऑक्टोबरला संपतं; नोव्हेंबर ते फेब्रुवारी नाहीतच. ताईने हे ऐकलं आणि हसायलाच लागली. आपल्याकडे माणूस फिरायला निघतो ते नेमके तेच चार महिने!

भाच्याने पहिल्याच दिवशी जाहीर केलं, आपल्या पार्कला बीच पाहिजे. कोकणात एकदा गेला होता, तेव्हापासून वेड आहे. त्याने तळ्याकाठच्या दोन ओळी वाळूच्या रंगाने रंगवल्या, पलीकडे होड्यांचा धक्का बांधला आणि रोलरकोस्टर मुद्दाम पाण्यावरून फिरवला. ते मात्र हुशारीचं काम. ट्रॅक पाण्याजवळून गेला की राइडचा 'एक्साइटमेंट' आकडा वाढतो. होड्या पाण्यात मन मानेल तिकडे भरकटतात, पण त्याही सावकाश परत येतात.

बीचवर मात्र कुणी फिरकेना. पाहुणे फुटपाथ सोडून पाऊल टाकत नाहीत, खेळाचा नियमच आहे तो. वाळू कितीही रंगवा, तिच्यावर फरसबंदी घातल्याशिवाय माणूस जाणार नाही. एखाद्याला चिमट्याने उचलून पाण्यात सोडलं, तर तो पोहत नाही, बुडतो. वर पार्कचं रेटिंगही पडतं. भाच्याने हा प्रयोग तीन वेळा केला. शास्त्रासाठी, म्हणाला.

"मामा, खरा काठ कसा असतो ते बघून येऊ."

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला स्कूटर काढली. वरणगाव मागे पडेपर्यंत वारा गार होता. दोन्ही बाजूला केळीच्या बागा होत्या, पाणी पिऊन उभ्या. खान्देशात मे महिन्यात हिरवं दिसतं ते बहुतेक केळीचंच. मुक्ताईनगरच्या अलीकडे चहा घेतला आणि चांगदेवकडे वळलो.

चांगदेवला तापी आणि पूर्णा मिळतात. खाली हतनूरचं धरण आहे, ४१ दरवाजांचं, आणि त्याचा फुगवटा इथवर येतो. त्यामुळे नदीला इथं तळ्याचं रूप आलंय. आधी देवळात गेलो. काळ्या दगडाचं हेमाडपंती देऊळ, आत शिरलो तेव्हा दगडात रात्रीचा गारवा शिल्लक होता. चौदाशे वर्षं जगलेल्या चांगदेवाने ज्ञानेश्वरांना कोरं पत्र धाडलं आणि मुक्ताबाईने त्यावरून त्याला टोला हाणला, ही गोष्ट मी भाच्याला सांगितली. त्याचं लक्ष नव्हतं. तो पाणी शोधत होता.

पाणी होतं, पण खाली. बरंच खाली. काठाच्या मातीवर पट्टे उमटले होते, दुधाच्या पातेल्याला साय चिकटून राहते तसे. प्रत्येक पट्टा म्हणजे पाणी कधीतरी थांबून पुढं सरकल्याची खूण. त्याखाली भेगाळलेला गाळ, आणि आणखी खाली ओला, बोट रुतेल असा. भाच्याने चपला हातात घेतल्या आणि गाळातून चालत सुटला. इथं फुटपाथ नव्हता आणि कुणाला त्याची गरजही पडलेली दिसली नाही. दोन बाया धुणं घेऊन चालल्या होत्या, एक म्हैस डुंबत होती, तिच्या पाठीवर बगळा.

नाववाले काका नाव उलथी घालून बसले होते. भाच्याने सरळ विचारलं, "काका, तळ्याचा काठ नेमका कुठं आहे?"

काकांनी त्याच्याकडे बघितलं, मग मागच्या पायऱ्यांकडे बोट केलं. "मागच्या भादव्यात मी त्या वरच्या पायरीले नाव बांधे. आता इथी बसलो. पानी का एका जागी बसते का भो?"

मी त्या पायऱ्या नुसत्या ओलांडून आलो होतो. आता वळून बघितल्या. इतकी वर्षं देवळाजवळचे घाट म्हणजे आंघोळीची सोय एवढंच माझ्या डोक्यात होतं. भादव्यात वरची पायरी काठ, कार्तिकात मधली, चैत्रात खालची. पाणी कुठंही असो, पाय टेकायला दगड मिळतो. वाळूचा बीच समुद्राला शोभतो, समुद्र दिवसातून दोनदा जातो आणि ठरल्या वेळी परत येतो. आमचं पाणी जातं ते आठ महिन्यांसाठी, आणि येतं तेव्हा सगळं एकदम येतं. अशा पाण्याला घाटच हवा.

साडेनऊला ऊन टोचायला लागलं तसे निघालो. वाटेत टरबूज घेतलं. ते चांगलं निघालं नाही, पण तहान भागली.

दुपारी भाच्याने बीच पुसून टाकला. जमीन पायरीपायरीने उतरती केली, त्यावर फुटपाथ घातला आणि प्रत्येक टप्प्यावर बाकं. पाण्याच्या रेषेशी खेळ अडला. पाण्याखाली बांधता येत नाही. मग त्याने त्या कोपऱ्यातलं पाणीच खाली केलं, शेवटच्या तीन पायऱ्या बांधल्या आणि पाणी पुन्हा वर चढवायला गेला. खेळ म्हणाला, फुटपाथ आडवा येतोय. त्याने दोनदा क्लिक केलं, माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. १९९९ साली स्कॉटलंडात बसून सॉयर साहेबांना तापी कुठून माहीत असणार?

"राहू दे," भाचा म्हणाला. "हा आपला मे महिना."

तेवढ्यात घाटावरून पाहुण्यांची पहिली रांग खाली उतरू लागली. एक लाल टी-शर्टवाला थेट शेवटच्या पायरीपर्यंत गेला, पाण्यासमोर थोडा वेळ उभा राहिला. भाच्याने त्याच्यावर क्लिक करून मनात काय चाललंय ते उघडलं.

'मला तहान लागली आहे.'

"बघ मामा," तो म्हणाला आणि उसाच्या रसाचं दुकान खेळात कुठं मिळतं ते शोधायला लागला.