सतरा नंबरमधला निळा

अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात, म्हणून मंगळवारची सकाळ आम्हा गाईड लोकांना जड जाते. डिसेंबरात तर विचारूच नका. शाळांच्या सहली, टूरवाल्यांच्या बसेस, लग्नासाठी संभाजीनगरला आलेली आणि ‘आलोच आहोत तर’ म्हणून गाडी इकडं वळवलेली कुटुंबं. अशाच एका मंगळवारी तिकीट खिडकीपाशी एक बाई थेट माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. सुती साडी, पायात बूट, पाठीवर नातवाची जुनी सॅक.

“गाईड ना तुम्ही? ओळखपत्र बघू.”

पुढून-मागून वाचून परत दिलं. मी सवयीनं म्हटलं, “आजी, बरोबर कोण आहे?”

“आजी घरी. इथं काकू म्हणा. आणि बरोबर कोणी नाही.”

वय ७७. सांगलीहून एसटीनं, टप्प्याटप्प्यानं आलेल्या. ७५ च्या पुढच्यांना २०२२ पासून एसटीत तिकीट लागत नाही. लोक त्या सवलतीवर लग्नं-बारशी गाठतात, काकू लेणी बघत फिरत होत्या. आदल्या संध्याकाळी संभाजीनगर-जळगाव गाडीनं फर्दापूरला उतरून मुक्काम केला आणि सकाळच्या पहिल्या शटल बसनं चार किलोमीटर आत आल्या. मुलगा बंगळूरला. त्याला निघाल्यावर कळवलं. “आधी सांगितलं असतं तर त्यानं गाडी पाठवली असती. गाडीबरोबर ड्रायव्हर, ड्रायव्हरबरोबर सुनेची मावशी. मावशीला बारा वाजता जेवायला लागतं.”

मी माझी सुरुवात केली. २८ एप्रिल १८१९, वाघाच्या शिकारीला आलेला जॉन स्मिथ, समोरच्या डोंगरावरून त्याला दिसलेली दहा नंबरच्या लेण्याची कमान. काकूंनी हात वर केला. “ते मी वाचून आलेय. तुम्ही मी विचारेन तेवढंच सांगा. दिवसभराचे पैसे देते.”

दिवसभराचे! आमच्याकडं माणूस दोन तास देतो. त्यात एक, दोन, सोळा, सतरा आणि शेवटी सव्वीसमधला निजलेला बुद्ध. तीस लेण्यांपैकी पाच. एवढ्यात फोटोही काढायचे असतात.

काकूंना फक्त सतरा आणि दोन बघायची होती, वेळ उरला तर एक. चाळीसेक वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर येऊन सगळी बघून गेल्या होत्या, आठवत काहीच नव्हतं.

पायऱ्यांपाशी डोलीवाले उभे होते. या बाई चालतच जाणार, असं मी मनाशी धरलं होतं. काकूंनी पाटीवरचा दर वाचला, घासाघीस न करता डोलीत बसल्या. “पाय चित्रांपुढं उभं राहायला राखून ठेवायचेत. पायऱ्या चढून मला कुठलं बक्षीस मिळणारेय?” एवढ्या वर्षांत डोली घेताना न ओशाळलेलं माणूस मी क्वचित पाहिलंय. बहुतेकांना मुलं बळंच बसवतात आणि ते वाटभर माफी मागितल्यासारखे हसत असतात.

गर्दी आधी एक आणि दोनमध्ये तुंबते. त्यामुळे आम्ही सरळ सतराला गेलो तेव्हा तिथं पहारेकऱ्याशिवाय कोणी नव्हतं. वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, पाचव्या शतकात, उपेंद्रगुप्त नावाच्या त्याच्या मांडलिकानं खोदवून घेतलेलं हे लेणं. बूट काढून आत गेल्यावर काकू गप्प उभ्या राहिल्या. मीही गप्प. बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना आतल्या मंद उजेडाला सरावायला पंधरा-वीस मिनिटं तरी लागतात, वय वाढलं की जास्त. नेमकं तेवढ्यात टूरवाल्यांचं लेणं ‘उरकून’ झालेलं असतं. माणसं डोळे उघडायच्या आत बाहेर पडतात आणि म्हणतात, काही दिसत नाही हो, सगळं काळपट आहे.

काकूंना दिसायला लागलं. उजव्या भिंतीवरची सिंहल नावाच्या व्यापाऱ्याची गोष्ट, ते हत्ती, जहाज, राक्षसिणी, हे सगळं त्यांनी तुकड्यातुकड्यानं पाहिलं. मग म्हणाल्या, “इथं नको. दिव्याखाली रंग बघायचा नसतो. व्हरांड्यात चला.”

व्हरांड्यात दिवसाचा उजेड असतो. मागच्या भिंतीवर ढगांमधून उतरणारा इंद्र आणि त्याच्याबरोबरच्या अप्सरा आहेत. काकूंनी सॅकमधून एक लांबट घडीचं कार्ड काढलं. मला वाटलं नकाशा. ते साडीच्या फॉलचं शेडकार्ड होतं! दुकानदाराला कंपनी देते ते, बोटाएवढ्या कापडाच्या पट्ट्या ओळीनं चिकटवलेलं. सांगलीत त्यांचं मॅचिंग सेंटर होतं. उभा जन्म बायकांच्या साड्यांना ब्लाउजपीस आणि फॉल जुळवून दिलेले. कार्ड हातभर लांब धरून, कठड्याच्या अलीकडं उभं राहून त्यांनी उजवा डोळा हातानं झाकला. मग डावा. मग पुन्हा उजवा.

पहारेकरी जागचा उठून आला. “मावशी, काय चाललंय?”

“मॅचिंग.”

त्यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, उजव्याचं व्हायचं होतं. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं आणि ते पहिल्यांदा निळा रंग खातं. ऑपरेशनमध्ये ते काढून स्वच्छ भिंग बसवलं की निळा परत येतो. पट्टी काढल्यावर काकूंना घरातली पांढरी भिंत एका डोळ्यानं पांढरी आणि दुसऱ्यानं चहाचा डाग पडल्यागत दिसायला लागली. बाकी कुणी म्हणालं असतं, लवकर दुसराही उरकून टाका. काकूंनी डॉक्टरांना प्रवासाची परवानगी विचारली आणि दुसरी तारीख पुढं ढकलून घेतली. “दोन डोळ्यांनी दोन दुकानं चालवायची संधी पुन्हा येणार नाही.” अजिंठा त्यासाठीच निवडला होता.

वहीत दोन रकाने होते, डावा आणि उजवा. एकाच ढगाच्या कडेसाठी डाव्यात लिहिलं होतं ‘चिंतामणी’, उजव्यात ‘शेवाळी’. अप्सरेच्या अंगासाठी डाव्यात ‘विटकरी’, उजव्यात ‘आमसुली’. लाल-पिवळ्यात फरक थोडा, निळ्यात मात्र जमीन-अस्मानाचा.

आता त्यांनी प्रश्न विचारले. हा निळा कुठला? मी सांगितलं, लाल-पिवळी गेरूची माती, हिरवा खनिज मातीचा, काळा काजळीचा, हे सगळं आसपास मिळणारं. निळा तेवढा लाजवर्दाचा, अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतला दगड कुटून केलेला. आधी छिन्नीनं खडबडीत ठेवलेल्या कातळावर भुसा आणि झाडपाल्याचे धागे मिसळलेली माती, तिच्यावर चुन्याचा पातळ हात आणि सुकलेल्या पृष्ठभागावर डिंक-सरसात कालवलेले रंग.

“मग एवढा पिवळेपणा कुणी आणला?”

तेही सांगितलं. १९२० नंतरच्या दोन-एक वर्षांत निजाम सरकारनं इटलीहून तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटत चाललेले पापुद्रे मोठ्या निगुतीनं बसवले, पण वरून लाखेचा थर दिला. त्याआधी नकला काढणाऱ्यांनीही व्हार्निश फासलं होतं. ते थर काळानुसार पिवळे पडले. पुरातत्त्व खात्यानं पुढं ते काढायचं काम हाती घेतलं. जिथं थर निघालाय तिथं रंग वेगळाच उघडतो.

“म्हणजे भिंतीलाही मोतीबिंदू,” काकू म्हणाल्या आणि तेही वहीत लिहिलं.

एवढ्यात एक ग्रुप आला. एकसारख्या टोप्या, बहुतेक सगळे वयानं काकूंच्याच आगेमागे. मॅनेजर शिट्टी वाजवायचाच बाकी होता: “पाच मिनिटं! पाच मिनिटं!” एक गृहस्थ काठी टेकत काकूंपाशी थबकले.

“एकट्या आलात? पाय दुखत नाहीत?”

“दुखतात की. दुखले की बसते.”

ते काहीतरी विचारणार होते, पण टोप्या पुढं निघाल्या होत्या. माझं मत विचाराल तर साठीपुढच्या माणसाला अजिंठ्यात पायऱ्या फारशा नडत नाहीत, दुसऱ्याचं घड्याळ नडतं. स्वच्छतागृह प्रवेशाजवळ, हे एकदा माहीत असलं, पाण्याची बाटली आणि डोलीचे पैसे जवळ असले, की बाकीचं जमतं. सावलीतले बाक मात्र वाढवायला हवेत, हे मी जमेल तिथं बोलत असतो.

दुपारी बाकावर बसून काकूंनी दशमी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, मलाही दिली. गर्दी ओसरल्यावर दोन नंबरमध्ये गेलो. तिथलं छत म्हणजे वेलबुट्ट्यांचा खजिना. काकू पंधरा मिनिटं मान वर करून उभ्या होत्या, मग बाहेर येऊन मान चोळत बसल्या, पुन्हा आत. एक नंबरमध्ये पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रापुढं सगळे रांगेत असतात. काकू डाव्या भिंतीवरच्या महाजनक जातकातल्या, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्माच्या एका गोष्टीतल्या, लांब बाह्यांच्या नर्तकीपाशीच रमल्या. अजिंठ्यातल्या वस्त्रांवर इकत आणि बांधणी अभ्यासकांनी ओळखलीय, हे मी सांगितलं. “त्यात ओळखायचं काय,” त्या म्हणाल्या, “दिसतंय ना.”

परतीच्या शटलमध्ये त्यांनी शेडकार्ड माझ्यापुढं धरलं. “सतराच्या ढगाचा निळा यातला कुठला, दाखवा.”

मी बोट ठेवलं. काकूंनी माझ्याकडं निरखून पाहिलं.

“पन्नाशी उलटली ना तुमची?”

“छप्पन.”

“डोळे दाखवून घ्या.”

टी-पॉइंटला, म्हणजे शटल जिथून सुटते त्या फाट्यावर, उतरल्यावर त्यांनी पैसे मोजून दिले, पावती लिहून घेतली आणि पितळखोऱ्याच्या लेण्यांची चौकशी केली. मी सांगितलं, कन्नडमार्गे, दरीत बऱ्याच पायऱ्या उतरायच्या, डोली नाही, एसटी दारापर्यंत जात नाही. त्यांनी सगळं टिपून घेतलं आणि विचारलं, “रिक्षा थांबवून ठेवता येते का?” जळगाव गाडी आली तशी चढल्या. सांगली उलट दिशेला असताना जळगाव का, हे विचारायचं राहिलंच.

मी डोळे दाखवले. दोन्हीकडं मोतीबिंदूची सुरुवात आहे, ऑपरेशनला अजून वेळ आहे. तोवर सतरा नंबरच्या व्हरांड्यात पोहोचलो की ग्रुपमधल्या एखाद्या कॉलेजच्या मुलीला पुढं बोलावतो आणि त्या ढगात कुठला रंग दिसतो ते तिलाच सांगायला लावतो. परवा एकीनं ‘रामा ब्लू’ सांगितलं. हा काकूंच्या कार्डावर होता की नाही, देव जाणे.