ज्योतीखालची साखर

धाकट्या भावाने दिवाळीत भेट दिलेला ब्युटेन गॅसवर चालणारा, ज्योतीचा झोत सोडणारा किचन टॉर्च आज अखेर खोक्यातून बाहेर काढला आणि काल रात्री फ्रिजमध्ये ठेवलेल्या कस्टर्डच्या चार वाट्यांचे क्रेम ब्रुले, म्हणजे वर भाजलेल्या साखरेचा कडक थर असलेले कस्टर्ड, करण्याचा घाट घातला. पहिल्या वाटीवर हौसेने पिठीसाखर भुरभुरली, तर ज्योतीच्या झोताने ती अर्धी ओट्यावर उडाली आणि उरलेली क्षणात काळी पडली. दुसऱ्या वाटीवर मात्र साधी दाणेदार साखर पातळ पसरली आणि टॉर्च चार बोटे दूर धरून सतत गोल फिरवत राहिले. साखर तांबूस व्हायला १६० अंश सेल्सिअसच्या पुढची उष्णता लागते. ज्योत ती वरच्या थराला काही सेकंदांतच देते, त्यामुळे खालचे कस्टर्ड थंडच राहते. आधी कडेला बारीक थेंब दिसले, मग ते एकमेकांत मिसळून मधासारखा रंग आला. दोन मिनिटांनी चमचा आपटताच तो थर कडकन फुटला.

एवढ्यावर थांबले असते तर शहाणी ठरले असते. घरात इंडक्शन आल्यापासून वांगे भाजायला ज्योतच उरलेली नाही, म्हणून तेही टॉर्चखाली धरले. साल झकास करपली, पण गर कच्चाच राहिला आणि तेवढ्यात गॅसही संपला. शेवटी ते वांगे कुकरमध्ये गेले. भरताला खमंग वास तेवढा लागला, हे मान्य करायला हवे. राहिलेल्या दोन वाट्या ब्युटेनच्या नव्या कॅनची वाट पाहत आहेत.